उचलली जीभ...

"शनिवारी संध्याकाळी काय करतेयस? कविता आणि मारामारी बघायला येणार का?"

शुक्रवारी दुपारी, ऐन स्टेटस कॉलच्या मध्ये, माझ्या जुन्या रूममेटचा मेसेज आला. 'कविता' हा शब्द वाचून मी नाही म्हणणारच होते. आपला आणि कवितेचा संबंध काय? शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण, आणि त्यानंतर थेट लग्नपत्रिकेवरच्या चार ओळी. मधली सगळी वर्षं एक्सेल शीटमध्ये गेली. पण मारामारी कोरियन होती. आणि कोरियन म्हटलं की आपण जरा हळवे होतो. 'पॅरासाइट'ला २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. (हो, खरंच. कशाचे पेढे ते न विचारता सगळ्यांनी खाल्ले.)

"कुठली फिल्म?" मी कॉलवर म्यूट असल्याची खात्री करून विचारलं.

"ओल्डबॉय. पण आधी कवितांच्या छोट्या फिल्म्स आहेत. उशिरा आलीस तर आत घेत नाहीत."

तर असं ठरलं. पुण्यात हे फिल्म सोसायटीचं वेड तसं जुनंच. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आणि फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून इथे आहे, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या गल्लीत, कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर, पांढऱ्या पडद्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून माणसं इराणी नाहीतर पोलिश सिनेमा बघत बसलेली असतात. आमचा हॉल डेक्कनच्या मागच्या बाजूला होता. साठेक खुर्च्या, दोन पंखे, दाराशी चपलांचा ढीग. पहिल्या रांगेत झोळीवाले, मधल्या रांगांत कॉलेजची पोरं, आणि शेवटच्या रांगेत आमच्यासारखे, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसलेले. आम्ही जागा पकडली आणि मोबाइल सायलेंटवर टाकले.

सोसायटी चालवणारे काका उभे राहिले. साठीचे असतील. खादीचा कुर्ता, हातात चिठ्ठी. म्हणाले, "आज आधी तीन पोएट्री फिल्म्स आणि मग एक सूडपट. जोडी विचित्र वाटेल. मी काही समजावून सांगणार नाही. फक्त एक करा, कोण किती बोलतं त्याकडे लक्ष ठेवा."

माझ्या रूममेटने मला कोपराने ढोसलं. "तुला सांगतायत."

आता पोएट्री फिल्म म्हणजे काय, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, गुलाबाचं फूल, समुद्रकिनारा आणि मागे कोणीतरी खर्जात कविता म्हणतंय. यूट्यूबवर असतात तसलं काहीतरी. तसं ते नसतं. या प्रकारासाठी म्हणून २००२ मध्ये बर्लिनमध्ये 'झेब्रा' नावाचा वेगळा महोत्सव सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक हा उद्योग करतायत. पहिली फिल्म होती 'मॅनहॅटा', १९२१ ची. पॉल स्ट्रँड हा फोटोग्राफर आणि चार्ल्स शीलर हा चित्रकार, दोघांनी मिळून न्यूयॉर्क शहराची केलेली दहाएक मिनिटांची मूकफिल्म. फेरीबोटीतून उतरणारी गर्दी, उंच इमारती, चिमण्यांमधून निघणारा धूर. मध्ये मध्ये पडद्यावर वॉल्ट व्हिटमनच्या ओळी येतात आणि जातात. चर्चगेटला नाहीतर पुणे स्टेशनला सकाळी उतरलेल्या कोणालाही ती गर्दी ओळखीची वाटेल.

दुसरी, 'नाइट मेल', १९३६ ची. ही तर ब्रिटिश पोस्टखात्याच्या फिल्म युनिटने काढलेली! लंडनहून स्कॉटलंडकडे रात्री टपाल घेऊन जाणारी गाडी. पत्रांची वर्गवारी, थैल्या, सिग्नल, इंजिनाचा दणदणाट. मी म्हटलं, हे काय, सरकारी माहितीपट? आणि शेवटच्या काही मिनिटांत ऑडेनची कविता सुरू होते, गाडीच्या चाकांच्या ठेक्यावर. खाली बेंजामिन ब्रिटनचं संगीत. गाडीने वेग घेतला की कविता धावते, गाडी मंदावली की कविता पण दम खाते. डेक्कन क्वीनने अपडाऊन केलेल्या माणसाच्या पायांना हा ठेका लगेच कळतो. माझा पाय तर हलायलाच लागला होता.

तिसऱ्या फिल्मला मात्र पाय थांबले. 'द हाउस इज ब्लॅक', इराण, १९६२. कवयित्री फरूग फरुखजाद हिने तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन केलेली, वीस-बावीस मिनिटांची. झडलेली बोटं, गेलेली नाकं... कॅमेरा कुठेही तोंड फिरवत नाही. आणि वर तिचा स्वतःचा आवाज, अगदी हळू, जणू शेजारी बसून बोलतेय. एक शाळा आहे त्यात. गुरुजी एका मुलाला 'घर' हा शब्द घेऊन वाक्य लिहायला सांगतात. मुलगा फळ्यापाशी जातो, बराच वेळ विचार करतो आणि लिहितो. तेच वाक्य म्हणजे फिल्मचं नाव. तिथल्याच एका मुलाला फरूगने नंतर दत्तक घेतलं. १९६७ मध्ये ती अपघातात गेली तेव्हा ३२ वर्षांची होती. मी ३३ ची आहे. आणि दिवसाला दोनशे मेसेज टाइप करते.

ब्रेक झाला. चहा-बिस्किट. काका कोणाला तरी सांगत होते, "कवीला एक शब्द जास्त झाला तर झोप लागत नाही. आपल्याला कधी लागायची राहिलीय का?" मी हसले. मला वाटलं, छान वाक्य आहे, स्टेटसला टाकायला हवं.

मग दिवे गेले आणि 'ओल्डबॉय' सुरू झाला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पार्क चान-वूक हा दिग्दर्शक. त्याने सूडावर तीन फिल्म्स केल्या : २००२ मध्ये 'सिम्पथी फॉर मिस्टर व्हेंजन्स', २००३ मध्ये 'ओल्डबॉय' आणि २००५ मध्ये 'लेडी व्हेंजन्स'. 'ओल्डबॉय' मुळात जपानी कॉमिकवरून घेतलेला. २००४ च्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं, ज्युरीचा अध्यक्ष होता क्वेंटिन टॅरंटिनो. आपल्याकडे २००६ मध्ये संजय दत्तचा 'झिंदा' आला होता ना? कथा सांगितली की तुम्ही म्हणाल, अरे, हेच तर!

गोष्ट अशी. ओ दे-सू नावाचा एक बडबड्या, दारुडा, साधा नोकरदार. १९८८ मध्ये, मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री कोणीतरी त्याला उचलतं आणि एका खोलीत डांबतं. खिडकी नाही. कारण सांगत नाहीत, मुदत सांगत नाहीत. रोज तेच तळलेले मांडू, म्हणजे आपल्या मोमोजचे भाऊबंद. सोबतीला फक्त टीव्ही. डायना गेलेली, ट्विन टॉवर्स पडलेले, वर्ल्ड कप झालेला, सगळं तो तिथूनच बघतो. पंधरा वर्षं. आणि एक दिवस त्याला असंच सोडून देतात. आता त्याला शोधायचंय, कोणी आणि का? सुरुवात कुठून करतो माहितीये? शहरातल्या एकेका हॉटेलात जाऊन मांडू खातो. पंधरा वर्षं जिभेवर बसलेली चव ज्या हॉटेलात सापडेल, तिथून पुढचा माग काढायचा. काय डोकं आहे!

चोई मिन-सिकने हा माणूस असा उभा केलाय की अंगावर काटा येतो. कॉरिडॉरमधली ती प्रसिद्ध मारामारी, हातात हातोडी, पाठीत सुरा, समोर गुंडांची फलटण. कॅमेरा बाजूने सरकतोय आणि मध्ये एकही कट नाही. तीन दिवस शूटिंग, सतरा टेक. आपल्या हिरोसारखा एका बुक्कीत दहा उडवत नाही तो. दमतो. पडतो. धापा टाकत पुन्हा उठतो.

आणि त्याच्या त्या खोलीत भिंतीवर एक चित्र आहे, खाली दोन ओळी. हसणं आणि रडणं, कशाला सोबत मिळते आणि कशाला मिळत नाही, याबद्दलच्या. त्या एला व्हीलर विल्कॉक्सच्या 'सॉलिट्यूड' या १८८३ च्या कवितेतल्या आहेत. ही कविता तिला सुचली रेल्वेत. ती एका समारंभाला निघाली होती आणि डब्यात काळ्या कपड्यांतली एक तरुण विधवा रडत होती. ती प्रवासभर तिच्याशेजारी बसली, मग समारंभाला गेली. आरशासमोर नटताना तिला तो चेहरा आठवला. म्हणजे बघा, काकांनी जोडी काही उगाच लावली नव्हती. सूडपटाच्या भिंतीवरच एक कविता टांगलेली होती.

खरं सांगते, फिल्म बघताना मला भयंकर बरं वाटत होतं. सूडपटात आपण कायम सूड घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलेलो असतो ना. त्याच्या हातात हातोडी आली की आपल्याही मनात यादी सुरू होते. माझीही झाली. अप्रेझलला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' देऊन वर 'यू आर अ रॉकस्टार' म्हणणारा तो मॅनेजर. डिपॉझिट बुडवणारा घरमालक. साखरपुड्यानंतर तीन आठवड्यांनी 'मला अजून वेळ हवाय' असा मेल टाकणारे एक महाशय. एकेकाला कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि हातोडी चालवली. जाम मजा आली.

ओ दे-सू पण खोलीत यादी करतो. पण वेगळी. मी कोणाकोणाचं वाईट केलं असेल, याची. वह्याच्या वह्या भरतो. भांडणं, फसवाफसवी, बायका, सगळं आठवून आठवून लिहितो.

आणि खरं कारण त्यातून त्याला सापडतच नाही.

फिल्म वीस वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणून एवढं सांगते. शेवटचा धक्का सांगत नाही, तो तुमचा तुम्ही खा. कारण असं निघतं की शाळेत असताना त्याने काहीतरी बघितलं आणि जाता जाता एका मित्राला सांगितलं. बस. सांगितलं आणि विसरला. तो दुसऱ्या गावाला निघून गेला, शब्द मागे राहिला, तोंडातोंडी मोठा होत गेला आणि एका मुलीचा जीव घेऊन थांबला. त्या मुलीचं जवळचं माणूस मात्र काहीच विसरलं नव्हतं. ओ दे-सूच्या लेखी ती घटना घडलेलीच नव्हती. त्यात त्याने खोटेपणाही केला नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

दिवे लागले. मधल्या रांगेतला एक मुलगा तोंडावर हात ठेवून बसला होता. काकांनी चर्चा घेतली, कोणी हिंसेवर बोललं, कोणी ग्रीक शोकांतिकेवर. आम्ही पाचेक मिनिटं बसून सटकलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन कटिंग सांगितले.

आणि तिथे, टपरीवर, मला ती आठवली.

पहिल्या नोकरीत आमच्याबरोबर एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, तेवढी अक्कल आता आलीय. हुशार, जरा अबोल. नऊ वर्षांपूर्वी प्रोजेक्टमध्ये ऑनसाइटची एकच जागा आली होती, आणि ती तिला मिळाली. मग तिच्याबद्दल आणि मॅनेजरबद्दल काहीबाही उठलं. मॅनेजर घाबरला, तिचं जाणं 'पुढे ढकललं', आणि दोन महिन्यांत तिने पेपर टाकले. बिचारी.

मी रूममेटला म्हटलं, "बघ ना, तिच्या बाबतीत पण असंच झालं होतं. कोणी उठवली होती गं ती अफवा? कळलं का कधी?"

ती चहा फुंकत होती. थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"तुला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"अगं, तूच. कंपनीच्या बाहेरच्या टपरीवर. आपण पाचजण होतो. चहा, क्रीमरोल. तू म्हणालीस, 'आपण उगाच कोडिंग करत बसलो, रोज सरांच्या टेबलावर जेवायला बसायला हवं होतं.' आम्ही इतके हसलो होतो..."

"तो जोक होता यार!"

"हो ना. जोकच होता," ती म्हणाली. आणि मग अगदी शांतपणे, "नंतर तिच्या जागी तू गेलीस."

गेले होते. आठ महिने. फ्रिजवर अजून तिथली मॅग्नेट्स आहेत.

आजी म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. जिभेला हाड नसतं, ते पण तिचंच. मला वाटायचं ही वाक्यं भांडकुदळ बायकांसाठी आहेत. मी काय, मी तर विनोदी बोलते, ग्रुपचं मनोरंजन करते! मीच उठवली होती हे मी लपवलं नव्हतं, मी ते सरळ पुसून टाकलं होतं. आणि पुसल्यावर वर लिहून ठेवलं होतं : 'बिचारी.' टपरीवर आम्ही पाचजण हसलो होतो. ती कुठे, कोणाजवळ रडली असेल, हा प्रश्न नऊ वर्षांत मला एकदाही पडला नाही.

त्या रात्री मी तिला शोधलं. आजकाल काय, दोन मिनिटांचं काम. नाशिकला असते, स्वतःचं काहीतरी सुरू केलंय, फोटोत केस कापलेले. मेसेज लिहायला बसले. पहिला मसुदा मोबाइलवर चार वेळा स्क्रोल करावा लागेल एवढा झाला. त्यात मी तेव्हा किती लहान होते, घरी कर्ज होतं, मला ऑनसाइटची किती गरज होती, मला कसं कोणाचं वाईट चिंतायचं नव्हतं, आणि शेवटी 'होप यू कॅन फरगिव्ह मी', सोबत हात जोडलेले. वाचून बघितलं. अख्ख्या मेसेजमध्ये ती कुठे नव्हतीच. सगळीकडे मीच.

मला तो फळ्यापाशी उभा असलेला मुलगा आठवला. एक वाक्य लिहायला त्याने किती वेळ घेतला होता.

खोडत गेले. रात्री दीड वाजता तीन ओळी उरल्या. मी काय बोलले होते, कुठे बोलले होते, आणि त्याचा फायदा मला झाला. माफी मागितली, पण 'माफ कर' असं लिहिलं नाही. ते तिच्यावर अजून एक काम टाकल्यासारखं झालं असतं. पाठवलं आणि मोबाइल उलटा ठेवून झोपले. झोप अर्थातच आली नाही.

दोन दिवस काही नाही. निळ्या टिक्स, बस. मंगळवारी, लंचमध्ये, उत्तर आलं.

"माहितीये. मी ऐकलं होतं. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून होता ना, ऑनसाइटचा. मी मागे उभी राहून पैसे देत होते."

एवढंच. खाली ना इमोजी, ना 'इट्स ओके', ना शिवी. मी तीन-चार वेळा काहीतरी टाइप केलं आणि खोडलं. मग नुसतं 'हो' लिहिलं. त्यावर तिचं उत्तर नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्कही नाही.

'ओल्डबॉय'मधला माणूस सूड घ्यायला पैसा ओततो, खोलीत डांबून ठेवतो, पंधरा वर्षं थांबतो. हिने तसं काहीच केलं नाही. तिने आम्हा पाचजणांच्या चहाचे आणि क्रीमरोलचे पैसे दिले, सुटे मोजून घेतले असतील, आणि आमच्यात येऊन उभी राहिली असेल. आम्ही 'थँक्यू, पार्टी मस्त' म्हटलं असेल. नक्कीच म्हटलं असणार. मी तर जोरात म्हटलं असणार.

पुढच्या महिन्यात काका 'लेडी व्हेंजन्स' लावणार आहेत, आणि त्याच्या आधी पुन्हा कवितांच्या फिल्म्स. मी जाणार आहे. शेवटच्या रांगेत एखादी खुर्ची मिळेल, या तुम्हीही. यादी करायचीच झाली तर ओ दे-सूवाली करून बघा. माझी दोन पानं झालीयत. आणि त्याचं बघितल्यावर मला कळलंय की खरी नोंद बहुतेक त्यात नसणार, ती कोणीतरी दुसराच आठवून देईल.

मधल्या काळात ऑफिस चालूच आहे. टपरी पण. काल संध्याकाळी कोणीतरी जवळ सरकून म्हणालं, "अगं, तुला कळलं का, ती नवीन आलीय ना..."

मी आधी मागे वळून बघितलं. पैसे कोण देतंय ते.